हळद म्हणजे सत्तर टक्के

माझे बाबा बोलतात, हे मी पंधरा वर्षांची होईपर्यंत मला माहीतच नव्हतं.

म्हणजे अगदी मुके नाहीत हो ते! "जेवलीस?", "गॅस बंद केलास?", "कडी लाव" एवढं रोज बोलतात. माझी आई मस्कतला नर्स आहे. दर शुक्रवारी रात्री तिचा फोन येतो. तेव्हा बाबा म्हणतात, "बरंय... हो... बरंय... घे, सुरूशी बोल." मग मी आईशी वीस मिनिटं बडबडते आणि बाबा शेजारी बसून फक्त माझं बोलणं ऐकतात. वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. आम्हाला इथे येऊन पाच वर्षं झाली, पण बाबा त्यांतल्या एकाच्याही घरात गेलेले नाहीत. जिन्यात कोणी भेटलं तर मान हलवतात, की झालं.

आधी मीही तशीच होते. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेवढाच माझा आवाज. पण यंदा फेब्रुवारीत गॅदरिंगच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, आणि बाईंनी घाईघाईत माईक माझ्या हातात कोंबला. पहिली दोन वाक्यं कशी बोलले ते देवाला माहीत. तिसऱ्या वाक्याला लोक हसले. चौथ्याला टाळ्या! त्या दिवसापासून मी थांबलेलीच नाही. मला वाटायला लागलं की जगात कोणाचंही काहीही अडलेलं असो, मी दोन मिनिटं समोर उभी राहिले की सुटणार.

पण मे महिन्यात समोर उभं राहायला कोणी नव्हतं. नववीची परीक्षा संपली आणि सगळी बिल्डिंग गावाला गेली. बाबा सकाळी आठला स्कूटर काढायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी, टीव्ही आणि खालच्या वॉचमनचा रेडिओ. चौथ्या दिवशी मी डाळ ढवळताना डाळीशी बोलतेय हे माझ्या लक्षात आलं. त्या रात्री मी जाहीरच केलं, "बाबा, उद्यापासून मी तुमच्याबरोबर ऑफिसला येणार."

बाबांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "कंटाळशील तिथे."

"इथे कंटाळलेय!"

सकाळी आठला मी स्कूटरवर मागे बसले होते.

बाबांची कंपनी वसई पूर्वेलाच, हायवेकडे जाताना इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. सिमेंटच्या नाहीतर पिठाच्या कारखान्यात हवेतली धूळ ओढून घेणारी यंत्रं तिथे बनवतात. एकेक यंत्र दुमजली घराएवढं असतं आणि एका वेळी सात-आठ यंत्रं निरनिराळ्या टप्प्यांवर चालू असतात. कोणतं यंत्र कुठवर आलं, कुठे अडलं, कधी निघेल, याचा हिशोब ठेवणं म्हणजे प्लॅनिंग, आणि प्लॅनिंग म्हणजे बाबा. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर ग्राफपेपर जोडून जोडून केलेला, साडीएवढा लांब तक्ता होता. प्रत्येक यंत्राची एक पट्टी. काम पुढे सरकलं की बाबा ती पट्टी रंगीत पेन्सिलीने तेवढी भरायचे.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. साडेआठ वाजले. कँटीनमधून चहा आला आणि पाठोपाठ एकेक करून सगळ्या विभागांची माणसं आली. तीन खुर्च्या भरल्या, बाकीचे टेबलाला टेकून उभे राहिले. आणि एक मोठ्ठा, मजेत असलेला आवाज आला, "काय रे मार्सेल, मांडव घातलास, की अजून बांबूच मोजतोयस?"

कोण बोललं म्हणून मी वळून बघितलं. माझे बाबा!

"मांडव उभा आहे दिनाभाऊ," मार्सेल अंकल म्हणाले. हे वेल्डिंगचे फोरमन. निर्मळला राहतात, स्वतःच्या वाडीतली केळी पिशवीतून आणून सगळ्यांना वाटतात. "पण एक पाय लंगडा आहे."

"कितपत लंगडा? नवरदेवाच्या डोक्यावर पडेल इतका?"

"नाय, नाय. फार तर करवलीच्या."

"मग पस्तीस," बाबा म्हणाले आणि त्यांनी पट्टी रंगवली. सगळे हसले.

मला काही कळेना. स्टोअरच्या हंसाताईंनी मग मला समजावून सांगितलं. मार्सेल अंकलना पाच बहिणी. पाचही लग्नं त्यांनीच लावून दिली. त्या काळात ते डोक्याने लग्नघरीच असायचे, म्हणून यंत्राचंही तसंच बोलायला लागले, आणि बघता बघता सगळ्या शॉपची, म्हणजे कारखान्याची, ती भाषा झाली. पत्रा कापून झाला की 'बस्ता बांधला'. सांगाडा उभा राहिला की 'मांडव घातला'. वेल्डिंग तपासून कोणाची हरकत निघाली नाही की 'चर्चमध्ये नावं वाचली', कारण त्यांच्यात लग्नाआधी तशीच हरकत विचारतात. रंगाआधीचा पिवळा प्रायमर मारला की 'हळद लागली'. रंग झाला की 'नवरी नटली'. ट्रकवर चढवलं की पाठवणी. आणि कोइमतूरहून यायची मोटर आली नाही, तर 'मामा रुसला'.

"आज काय, हंसाताई?" बाबांनी विचारलं.

"मामा रुसलाय."

"अरे देवा! अजून?"

"कालपेक्षा जास्त रुसलाय. फोनसुद्धा घेत नाही."

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तक्त्यावर दहा दिवसांची फुली मारली. असं सव्वानऊपर्यंत चाललं. मग सगळे उठून गेले, बाबांनी चष्मा पुसला, आणि ते पुन्हा माझे घरातले बाबा झाले. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, यांच्याकडे दिवसाचा पाऊण तास बोलायचा असतो आणि तो हे इथे खर्च करून येतात! मला थोडा राग आला. पण दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजायची त्यांच्याइतकीच मीही वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी ते पत्र आलं.

त्याचं असं झालं होतं. जानेवारीत कंपनीने प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर घेतलं होतं. अंधेरीचं हेड ऑफिस, बडोद्याचा कारखाना आणि हा वसईचा, तिन्ही त्याने जोडलेले. प्रत्येक विभागाने आपलं काम आपल्या नावाने त्यात भरायचं, म्हणजे अंधेरीत बसलेल्या साहेबांना एका पडद्यावर सगळं दिसणार. शिकवायला टाय लावलेले दोन जण आले. त्यांनी कँटीनच्या भिंतीवर दोन दिवस इंग्रजीतून चित्रं दाखवली. सगळ्यांनी पॅटिस खाल्ले, हजेरीच्या कागदावर सह्या केल्या आणि कामाला गेले. जाताना त्या दोघांनी बाबांना एक जाड फाइल दिली. इथून पुढचं ट्रेनिंग बाबांनी द्यायचं. मेअखेरपर्यंत अकरा विभागांचे अकराही जण आपापलं भरायला लागले पाहिजेत.

बाबांनी काय केलं? एका वहीत अकरा जणांचे पासवर्ड लिहून घेतले! साडेआठला सगळे पूर्वीसारखेच येऊन बसायचे, पूर्वीसारखंच सांगायचे. बाबा आधी तक्ता रंगवायचे, मग मार्सेल अंकल होऊन कॉम्प्युटरमध्ये शिरायचे, पस्तीस भरून बाहेर यायचे, मग हंसाताई होऊन शिरायचे.

पत्रात तेच होतं. अकरा जणांच्या नोंदी रोज एकाच कॉम्प्युटरवरून, पावणेनऊ ते साडेनऊच्या दरम्यान कशा येतात? एकतीस तारखेला अंधेरीचे जितेंद्र सर स्वतः येतील, त्यांच्यासमोर प्रत्येकाने स्वतः भरून दाखवायचं. जमलं नाही, तर वसईचं प्लॅनिंग जूनपासून अंधेरीहून चालेल.

"म्हणजे तुम्ही अंधेरीला जाणार?" मी विचारलं.

"मी नाही. काम." बाबांनी पत्राची घडी घातली. "मला स्टोअरमध्ये देतील कुठेतरी."

"पण तुम्ही या लोकांना शिकवलंच नाही?"

"शिकवलं एकदा. विसरले ते. मग मीच..." ते थांबले आणि समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

मला वाटलं, लाजले. शिकवता आलं नाही म्हणून लाजले! माझे बिचारे बाबा, चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की यांची जीभ अडखळत असणार. आणि मी कशाला आहे?

"मी शिकवते!"

"राहू दे गं, सुरू."

"बाबा, बारा दिवस आहेत. मी आठशे लोकांसमोर बोललेय, हे तर अकरा आहेत."

खाली शॉपच्या केबिनमध्ये दोन नवे कॉम्प्युटर कव्हरसकट पडून होते. मी कव्हरं काढली, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं मागून घेतली आणि सुरू झाले. मार्सेल अंकल पुढच्या खुर्चीत, बाकीचे मागे.

"ही आपली मास्तरीण," ते म्हणाले. "छडी आणलीस का, बाय?"

"माऊस धरा आधी. दाबायचा नाही, नुसता धरायचा. अंकल, तो पळून नाही जाणार!"

नाव टाकणं, पासवर्ड टाकणं, आपलं यंत्र शोधणं, हे सगळं तिसऱ्या दिवशी जमलं. गाडी अडली ती शेवटच्या चौकोनात. तिथे 'किती टक्के काम झालं' ते भरायचं होतं. मार्सेल अंकलनी एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधत शोधत 'हळद' असं टाइप केलं. पडदा लाल झाला.

"का गं? लागलीय हळद. मी स्वतः बघून आलो."

"अंकल, आकडा लिहायचा."

"आकडा मला काय ठाऊक? आकडा दिनाभाऊ सांगतात." आणि ते खरंच उठले, जिना चढून बाबांना विचारायला गेले. त्यांच्या मागून हंसाताई गेल्या, त्यांच्या मागून रंगखात्याचे सॅन्टन अंकल. मी रिकाम्या केबिनमध्ये उभी. पण मला दुखणं सापडलं होतं! सॉफ्टवेअर सगळ्यांना येत होतं. येत नव्हता तो फक्त बाबांच्या डोक्यातला हिशोब.

तो मी त्या रात्री काढायला बसले. जेवणं झाल्यावर पुठ्ठा घेतला, पट्टी घेतली, स्केचपेन घेतली.

"बाबा, बस्ता बांधला म्हणजे किती टक्के?"

"पंधरा." मग थोड्या वेळाने, "पत्रा जाड असेल तर अठरा. जाड पत्र्याला कापायला वेळ लागतो, पण पुढे तो वाकत नाही, म्हणून वेल्डिंग लवकर होतं."

"मांडव?"

"चाळीस. पण मार्सेल उभा आहे म्हणाला की पस्तीसच धरायचे. त्याला उभं दिसलं की आनंद होतो."

मी हसले. बाबाही हसले. आणि मग ते बोलायलाच लागले! मार्सेल अंकलच्या तिसऱ्या बहिणीच्या लग्नात मांडव खरंच कसा पडला होता ते. पहिलं यंत्र पाठवलं तेव्हा ते दारातूनच बाहेर निघेना, म्हणून भिंत कशी फोडली ते. हळद म्हणजे सत्तर का, पंचाहत्तर का नाही, हे तर त्यांनी मला टेबलावर मिठाची बरणी आणि दोन वाट्या मांडून समजावलं. दोन रात्री आम्ही तो पुठ्ठा करत होतो. दुसऱ्या रात्री शुक्रवार होता. आईचा फोन आला आणि मी म्हटलं, "आई, नंतर कर, आम्ही बोलतोय." आई पलीकडून म्हणाली, "कोण, तुम्ही दोघं?"

एका ठिकाणी मात्र अडलं.

"मामा रुसला म्हणजे किती दिवस?"

"ते लिहिता येणार नाही."

"का?"

"हंसाताई कशा म्हणतात त्यावर असतं. पिशवी खांद्याला असताना म्हणाल्या तर चार दिवस. पिशवी खाली ठेवून, बसून म्हणाल्या तर दहा. चेहरा बघावा लागतो."

"बाबा, चौकोनात चेहरा भरता येत नाही." मी सरासरी काढली आणि सात लिहिलं. बाबा त्या सातकडे बघत होते. मी स्केचपेनने त्याभोवती छान महिरप काढली.

पुठ्ठा केबिनमध्ये चिकटवला आणि बाकी काही शिकवावंच लागलं नाही. दोन दिवसांत अकराच्या अकरा जण धडाधड आकडे भरायला लागले. एकतीस तारखेला जितेंद्र सर आले. प्रत्येकाच्या मागे उभे राहिले. मार्सेल अंकल पुठ्ठ्याकडे बघायचं, आकडा टाकायचा आणि बोट फुंकायचं असं करत होते, बंदूकवाल्यासारखं. सर खूश झाले. माझ्याशी हात मिळवला, माझ्याशी! मग वर बाबांच्या टेबलाजवळ आले आणि म्हणाले, "वेल डन दिनानाथ. बडोद्याला चौघं मिळून जमलं नाही, ते तुम्ही केलंत. आता तुमची सकाळ मोकळी झाली." भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हणाले, "हेही काढून टाका आता. दोन-दोन ठिकाणी कशाला?"

"हो सर," बाबा म्हणाले.

परत येताना स्कूटरवर मागे बसून मी अखंड बोलत होते. बाबा प्लॅनिंगमध्ये पक्के राहिले होते, माझ्यामुळे. वसंत नगरीच्या वळणावर मी विचारलं, "बाबा, खूश ना?" वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नसावं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, क्लास सुरू झाला. घरात पुन्हा 'जेवलीस?' आणि 'कडी लाव'. एक-दोनदा मी जेवताना मुद्दाम विचारलं, "मार्सेल अंकलचं काय चाललंय?" बाबा म्हणाले, "चाललंय. तिसरं यंत्र साठवर आहे." माझ्याकडे विचारायला पुढचा प्रश्न नव्हता. जे विचारायचं होतं ते सगळं मी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं होतं.

जुलैत एका बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. मी म्हटलं, चला, आपले विद्यार्थी बघून येऊ! बाबांबरोबर गेले. साडेआठ वाजले. चहा आला. एकच कप.

टेबलासमोरच्या दोन खुर्च्या खाली केबिनमध्ये गेल्या होत्या, कॉम्प्युटरपुढे बसायला लागतात म्हणून. तिसरीवर फायली होत्या. मागची भिंत तक्त्याएवढी पांढरी दिसत होती. बाबा पडद्यासमोर बसले. पडद्यावर अकरा नावं आणि नावांपुढे निळ्या पट्ट्या. थोड्या वेळाने त्यांतली एक आपोआप किंचित लांब झाली.

"हंसाताई आल्या," बाबा म्हणाले. मला नाही, पडद्याला. आणि पट्टीकडे बघून त्यांनी मान हलवली, जिन्यात शेजारी भेटल्यावर हलवतात तशी.

मी धावतच खाली गेले.

"आली बघा मास्तरीण!" मार्सेल अंकलनी सगळ्यांना हाक मारली. माझ्या पुठ्ठ्याला त्यांनी प्लॅस्टिक लावलं होतं. "आता बघावा पण लागत नाय. सगळा पाठ."

"अंकल, तुम्ही बाबांकडे वर जात नाही?"

"जातो की. परवा का तेरवा गेलो... नाय, तो शनिवार होता. मागचा." त्यांनी हात फडक्याला पुसले. "काम तर पाहिजे ना, बाय. नुसतंच जाऊन काय बसायचं? ते कामात, मी कामात."

"आज जा ना. त्यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय." मी चक्क खोटं बोलले.

ते लगेच आले. मी मागून जिन्यात थांबले. बाबांनी वर बघितलं आणि चष्मा काढून हातात घेतला.

"बोलावलंत, दिनाभाऊ?"

"मी? नाही... हां. ते तिसरं यंत्र."

"भरलंय ना सकाळी. पासष्ट."

"हो, बघितलं. पासष्ट."

मार्सेल अंकल उभेच होते. बसायला काही नव्हतं, आणि फायली उचला असं बाबांना सुचलं नाही. अंकलनी भिंतीकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे.

"घरी बरं?" त्यांनी विचारलं.

"बरंय. तुमच्याकडे?"

"बरंय."

"पाणी घेता का?"

"नाय, नाय. खाली माणसं थांबलीत." दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले आणि नुसता हात वर करून गेले. मला ओलांडताना जिन्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. बाबा पेन्सिलीला टोक करत होते. पेन्सिलीचं आता काही काम नव्हतं.

"तू सांगितलंस त्याला यायला?"

मी मान हलवली.

"नको सांगूस परत. त्यालाही अवघडल्यासारखं होतं."

मला म्हणायचं होतं, बाबा, मी तो पुठ्ठा फाडून टाकते. पण आता फाडून काय उपयोग? सगळ्यांना पाठ झाला होता. मीच करून घेतला होता. आणि नसता करून घेतला तर बाबा आज स्टोअरमध्ये कुठेतरी बसले असते. मी दोन्हीकडून विचार करून बघितला. सॉरी म्हणावं तर नेमकं कशाबद्दल, हे मला वाक्यात मांडता येईना.

बाबांनी तिसऱ्या खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या.

"बस."

मी बसले. त्यांनी पडदा थोडासा माझ्या बाजूला वळवला. दहा पट्ट्या सरकून झाल्या होत्या. अकरावी रंगखात्याची, सॅन्टन अंकलची, अजून कालच्याच जागी होती.

"सॅन्टन उशिरा भरतो," बाबा म्हणाले. "साडेनऊपर्यंत भरेल."

आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत राहिलो. नऊ वीस झाले होते. ती सरकली की मग दिवसभरात काहीच सरकायचं नव्हतं, आणि कंपनी सहाला सुटते.